पहाटेच्या गाडीच्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख: सर्व्हरचं घड्याळ चुकलं की टाइमझोन?

काटापावती (धागाकर्ता)
गुरुवार, रात्री ११:३५

नमस्कार मंडळी. भंडारा रोडला, कळमन्याच्या अलीकडे, आमचा घरचा धर्मकाटा आहे. काटा काका पाहतात, कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे. केबिनमध्ये एक छोटा लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस आणि पीएचपीमधलं पावतीचं सॉफ्टवेअर. समोर पावती काढायला एक विंडोज मशीन.

पंधरा दिवसांपूर्वी सर्व्हरची हार्डडिस्क गेली. ओळखीच्या एका मुलानं नवी डिस्क टाकून सगळं परत बसवून दिलं, जुना डेटा बॅकअपमधून आला. तेव्हापासून पावतीची वेळ चुकायला लागली. दिवसा तारीख बरोबर यायची म्हणून वेळेकडे कोणी पाहिलं नाही. पण सध्या आंबिया बहाराची आवक आहे, संत्र्याच्या गाड्या रात्री दोन-तीनलाच लागतात. काटोलकडच्या एका शेतकऱ्याची गाडी पहाटे ३:१० ला काट्यावर चढली आणि पावती निघाली आदल्या दिवसाची, रात्री ९:४० ची. अडत्यानं तारीख पाहून आदल्या दिवसाचा भाव लावला. टनामागे पैसे कमी गेले. तो माणूस सकाळी काकांसमोर उभा राहिला आणि त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं.

मंगळवारी संध्याकाळी त्या मुलाला परत बोलावलं. त्यानं टर्मिनलवर वेळ हातानं टाकून दिली. पावतीवर बरोबर वेळ यायला लागली, आम्हाला वाटलं झालं. पण तेव्हापासून क्लाउडवरचा बॅकअप रोज फेल होऊन राहिला, म्हणते तुमची वेळ आमच्या वेळेशी जुळत नाही. आणि अॅडमिनमध्ये शिरताना मोबाइल अॅपमधला सहा आकडी कोड घेतच नाही. आता तर वेळ बरोबर आहे, मग हे काहून होऊन राहिलं?

धंतोली_टर्मिनल
गुरुवार, रात्री ११:४४

भाऊ, आधी फरक मोजा. पहाटेचे ३:१० आणि आदल्या रात्रीचे ९:४०. बरोब्बर साडेपाच तास. आपली प्रमाणवेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ५ तास ३० मिनिटं पुढे चालते, त्यामुळे फरक अगदी साडेपाच तासांचा निघाला की घड्याळ शाबूत असते, टाइमझोन चुकलेला असतो. फरक वेडावाकडा निघाला, चार मिनिटं, सत्तेचाळीस मिनिटं, तीन वर्षं, तर घड्याळ चुकलं. वेळेची कोणतीही तक्रार आली की मी हाच प्रश्न पहिले विचारतो. दोन दुखणी वेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर नवं दुखणं तयार होते. तुमच्याकडे तेच झालं असावं असं वाटते.

सर्व्हरवर नुसतं ‘टाइमडेटसीटीएल’ लिहून एंटर मारा. जे दिसेल ते इथं टाका. काहीही बदलू नका.

काटापावती
गुरुवार, रात्री ११:५४

हे आलं:

लोकल टाइम: २३:५२
युनिव्हर्सल टाइम: २३:५२
आरटीसी टाइम: १८:२२
टाइमझोन: ईटीसी/यूटीसी
सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड: नो
एनटीपी सर्व्हिस: इनॅक्टिव्ह
आरटीसी इन लोकल टीझेड: नो

मोबाइलमध्येही तेव्हा ११:५२ च होते.

धंतोली_टर्मिनल
शुक्रवार, रात्री १२:१५

सगळं यातच आहे. नीट वाचा.

सर्व्हर आत एकच वेळ धरतो, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, यूटीसीप्रमाणे. ते सेकंद माणसाला कसे वाचून दाखवायचे याचा नियम म्हणजे टाइमझोन. नवी डिस्क बसवताना तुमचा टाइमझोन यूटीसीच राहिला. सेकंद बरोबर होते, वाचून दाखवणं चुकत होतं. त्या मुलानं वाचणं दुरुस्त करायचं सोडून सेकंदच साडेपाच तास पुढे ढकलले. एनटीपी, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा, तीही बंद दिसते.

रात्री ११:५२ ला खरी यूटीसी वेळ १८:२२ असते. तुमचा सर्व्हर जगाला सांगतो आहे की यूटीसीमध्ये २३:५२ झाले. भिंतीवर पाहिलं तर बरोबर, बाहेरच्या कोणाशीही बोलला की चूक. क्लाउडवाले प्रत्येक विनंतीवरची वेळ तपासतात, अॅमेझॉनच्या एस३ मध्ये १५ मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. मोबाइलचा सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो यूटीसीवरूनच निघतो. तुमच्या सर्व्हरला साडेपाच तास पुढचा कोड हवा आहे, तो मोबाइल कुठून देणार?

एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे. आरटीसी, म्हणजे मदरबोर्डवरचं सेलवर चालणारं घड्याळ, अजून १८:२२ दाखवते. हातानं टाकलेली वेळ तिथवर पोचलीच नाही. पण याचा अर्थ असाही होतो की लाइट गेली आणि मशीन बंद-चालू झालं तर सर्व्हर पुन्हा खऱ्या यूटीसीवर येईल आणि पावत्या पुन्हा साडेपाच तास मागे जातील. म्हणून हे आज-उद्याच करा.

आज रात्री फक्त डेटाबेसचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. दुरुस्ती दुपारी, काटा रिकामा असताना करू. घड्याळ मागे न्यायचं आहे, पावत्या निघत असताना ते करायचं नाही.

सीताबर्डीकर
शुक्रवार, सकाळी ८:१०

वाचतो आहे. एक भाबडी शंका: सर्व्हर बसवताना शहर विचारतात ना? त्या यादीत नागपूर नाही, मुंबई नाही, पुणे नाही. त्या मुलानं शोधून सोडून दिलं असेल.

काटापावती
शुक्रवार, सकाळी ८:३२

तेच झालं. त्याला फोन केला. म्हणे यादीत आपलं काहीच नव्हतं, म्हणून होतं ते राहू दिलं.

गोरेवाडा
शुक्रवार, सकाळी ९:०५

भारतासाठी एकच नाव आहे, एशिया/कोलकाता. अख्ख्या देशाला एकच वेळ, म्हणून एकच नोंद. आणि ही वेळ कोलकात्याचीही नाही. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची आहे. नागपूर ७९.१ अंशांच्या आसपास आहे आणि एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य सरासरी १२ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास डोक्यावर येतो. झिरो माइलच्या खांबाची सावली दुपारी पाहिली तरी हे कळते. मला हे फार आवडते म्हणून लिहिलं, धाग्याला फाटा फोडायचा नाही.

कामाचं एवढंच: जुनं नाव एशिया/कलकत्ता वापरू नका. नव्या डेबियन-उबंटूत जुनी नावं वेगळ्या पॅकेजमध्ये काढून ठेवली आहेत. विंडोजवरचा जावा प्रोग्राम अजूनही जुनंच नाव पाठवतो आणि समोरचं पोस्टग्रेस ‘असा टाइमझोन नाही’ म्हणून जोडणीच नाकारते. माझी एक अख्खी सकाळ त्यात गेली होती.

धंतोली_टर्मिनल
शुक्रवार, दुपारी १:२०

काटापावती भाऊ, आता करा. क्रम महत्त्वाचा.

सॉफ्टवेअर आणि पोस्टग्रेस बंद करा. मग ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’. हे केल्यावर घड्याळ साडेपाच तास पुढे गेलेलं दिसेल, संध्याकाळचे सात वगैरे. घाबरू नका, आधीची चूक आता उघडी पडली एवढंच. मग ‘एचडब्ल्यूक्लॉक --एचसीटूसिस’, म्हणजे आरटीसीमधली वेळ सिस्टमला द्या. उलटं ‘सिसटूएचसी’ मारू नका, एकमेव बरोबर घड्याळही बिघडेल. वेळ मोबाइलशी जुळली की क्रोनी, म्हणजे एनटीपीनं वेळ जुळवणारा प्रोग्राम, चालू करा आणि ‘क्रोनीसी सोर्सेस’ दाखवा.

शेवटी पोस्टग्रेस, क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम), वेबसर्व्हर सगळं रीस्टार्ट. चालू असलेला प्रोग्राम सुरू होताना वाचलेला टाइमझोनच धरून बसतो. क्रॉन रीस्टार्ट न केल्यामुळे रात्री २ चा बॅकअप सकाळी साडेसातला निघालेला मी स्वतः पाहिला आहे.

काटापावती
शुक्रवार, दुपारी २:४०

वेळ जुळली. पण क्रोनीसी सोर्सेसमध्ये चारही ओळींच्या आधी प्रश्नचिन्ह आहे आणि रीच ० आहे. दहा मिनिटं झाली, हलत नाही.

रात्रपाळी_बुटीबोरी
शुक्रवार, दुपारी ३:०२

रीच ० म्हणजे एकाही विनंतीला उत्तर आलेलं नाही. एनटीपी यूडीपीच्या १२३ पोर्टवर चालते. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये बाहेर जाणारं यूडीपी १२३ अडवलं आहे का पाहा, तिथं नसेल तर राउटरमध्ये. उघडलं की रीच १, ३, ७, १७, ३७, ७७, १७७, ३७७ असा चढतो. आकडे विचित्र वाटतील, ते अष्टमान पद्धतीतले आहेत. ३७७ म्हणजे शेवटच्या आठही विनंत्यांना उत्तर मिळालं.

तोवर माझा अनुभव, कारण याच दुखण्याची दुसरी बाजू आहे. मी जिथं रात्रपाळीला असतो त्या कारखान्यात एकदा लाइट बराच वेळ गेली, यूपीएस संपला, सर्व्हर पडला. लाइट आल्यावर उठला तो कित्येक वर्षं जुन्या तारखेत. एकही सुरक्षित पान उघडेना, प्रत्येक सर्टिफिकेट ‘अजून लागू झालेलं नाही’. आम्ही दोन तास नेटवर्क तपासत बसलो. दोष निघाला मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलचा. तेव्हापासून नवं मशीन लावलं की सेल बदलल्याची तारीख झाकणावर मार्करनं लिहितो.

अजून एक. क्वार्ट्झचा वेग तापमानानं बदलतो. दशलक्षात २० भागांची चूक म्हणजे दिवसाला जवळजवळ १.७ सेकंद, महिन्याला पाऊण मिनिटाच्या वर. आपल्या मे महिन्यात टिनाच्या केबिनमध्ये काय होत असेल विचार करा. एनटीपी बंद ठेवून सर्व्हर चालवू नका, आज वेळ कितीही बरोबर दिसो.

काटापावती
शुक्रवार, दुपारी ३:४८

फायरवॉलच होती. १२३ उघडलं. रीच ३७ वर आला आहे आणि एका ओळीपुढे तारा आला. मोबाइलचा कोड पहिल्या फटक्यात घेतला! बॅकअपही हातानं चालवून पाहिला, गेला. खूप खूप धन्यवाद.

हिंगणा_रोड
शुक्रवार, दुपारी ४:१५

तारा म्हणजे तो स्रोत निवडला गेला. वेळ कुठून घ्यायची तेही ठरवून टाका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सर्व्हिस प्रोव्हायडर, डेटा सेंटर, कंपन्या यांनी एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, आपली घड्याळं जुळवायची असतात. लॉग १८० दिवस ठेवायचे, घटना ६ तासांत कळवायची, हेही त्यातच आहे. नावं समय१.एनआयसी.इन, समय२.एनआयसी.इन आणि टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग. आपली प्रमाणवेळ राखण्याचं काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते, तीच ही एनपीएल. वजनाची पावती हा पुरावा आहे, तिची वेळ तिथून आलेली असावी असं मला मनापासून वाटते.

काटापावती
शुक्रवार, संध्याकाळी ५:३०

तीनही टाकले. पण मंडळी, आनंद टिकला नाही. चाचणीची पावती काढली, ती पुन्हा साडेपाच तास मागे! ‘डेट’ लिहिलं तर वेळ बरोबर येते. मग कुठंतरी वाचून पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये टाइमझोन ‘यूटीसी+५:३०’ टाकला, तर दुसरी पावती ११ तास मागे गेली. कॉम्प्युटरची पावती बंद ठेवली आहे, कागदी पावत्या हातानं लिहून राहिलो. सातनंतर गाड्या वाढतात.

डेटाबेसवाली
शुक्रवार, संध्याकाळी ५:४१

थांबा, लगेच होईल.

पोस्टग्रेस पहिल्यांदा बसवताना त्या वेळचा टाइमझोन आपल्या कॉन्फ फाइलमध्ये लिहून ठेवते. नंतर मशीनचा बदलला तरी त्याचा तोच राहतो. ‘शो टाइमझोन’ विचारलं असतं तर ईटीसी/यूटीसी दिसलं असतं. आणि ‘यूटीसी+५:३०’ ही लिहिण्याची जुनी पोसिक्स पद्धत आहे, तिच्यात अधिक म्हणजे ग्रीनिचच्या पश्चिमेला. तुम्ही साडेपाच तास पुढे म्हणालात, त्यानं मागे वाचलं, म्हणून ११ तासांचा फरक. ‘आयएसटी’ही लिहू नका. पोस्टग्रेसच्या मूळ यादीत तारखेमागे लिहिलेलं आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ, यूटीसीच्या २ तास पुढची.

पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमध्ये टाइमझोन = ‘एशिया/कोलकाता’, पूर्ण नाव, आणि रीलोड. पीएचपी.आयएनआयमध्ये डेट.टाइमझोन वेगळा टाका, पीएचपी मशीनला विचारत नाही, सांगितलं नाही तर यूटीसीच धरते.

दोन्ही चाचणी पावत्या रद्द करून नोंद ठेवा. आणि जुन्या पावत्यांना हात लावायच्या आधी मला विचारा. खरी जोखीम पुढेच आहे.

काटापावती
शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

ताई, पावती बरोबर निघाली. कॉम्प्युटरची पावती परत चालू केली. काका तुम्हाला नमस्कार सांगतात.

जुन्या पावत्यांचं विचारतोच. पंधरा दिवसांच्या सगळ्या पावत्यांत साडेपाच तास मिळवले तर चालेल का?

डेटाबेसवाली
शुक्रवार, रात्री ९:३०

नाही. सरसकट मिळवलं तर जे बरोबर आहे तेही बिघडेल.

तुमचे दोन काळ आहेत. पहिला, डिस्क बदलल्यापासून मंगळवार संध्याकाळपर्यंत: घड्याळ खरं, टाइमझोन यूटीसी. दुसरा, मंगळवार संध्याकाळपासून आज दुपारपर्यंत: घड्याळ साडेपाच तास पुढे, टाइमझोन यूटीसीच. आता रकाना कोणत्या प्रकारचा आहे त्यावर औषध ठरते, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहे.

रकाना ‘टाइमस्टॅम्प विदाउट टाइमझोन’ असेल तर त्यात भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे जसेच्या तसे बसतात. मग पहिल्या काळातल्या नोंदी साडेपाच तास मागे आहेत, त्यांत मिळवायचे. दुसऱ्या काळातल्या योगायोगानं बरोबर आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

रकाना ‘विद टाइमझोन’ असेल तर त्यात खरा क्षण साठतो. पहिल्या काळातल्या नोंदी तेव्हाही बरोबर होत्या, फक्त चुकीच्या वाचून दाखवल्या जात होत्या. टाइमझोन सुधारला, त्या आपोआप सुधारल्या. दुसऱ्या काळातल्या मात्र साडेपाच तास भविष्यात गेल्या आहेत, त्यांतून वजा करायचे.

प्रत्येक टेबल उघडून रकान्याचा प्रकार पाहा. एकाच डेटाबेसमध्ये दोन्ही असतात, मी नेहमी पाहते.

सीमा शोधायला वेळेवर विसंबू नका, वेळच आजारी आहे. पावती क्रमांक घ्या, तो चढताच असतो. गेटवर चौकीदार वही लिहितो का?

काटापावती
शनिवार, सकाळी ११:१५

तुम्ही म्हणाल्या तसंच आहे. पावत्यांचं टेबल ‘विदाउट’, आणि कोणी कधी लॉगिन केलं त्याचं टेबल ‘विद’.

४४१८ नंबरपर्यंत वेळ सरळ चालते, ४४१९ ला एकदम साडेपाच तासांची उडी. ती मंगळवारची. पहिली सीमा वेळेवरून कळत नव्हती, कारण डिस्क गेल्यावर काटा दीड दिवस बंदच होता. गेटची वही कामी आली. चौकीदार मामा प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ लिहितात, अक्षर मोठं, एक ओळ सुटलेली नाही. रात्रभर बसून वहीतल्या चाळीस गाड्या पावत्यांशी जुळवल्या. चाळीसही जुळल्या.

डेटाबेसवाली
शनिवार, दुपारी १२:०५

चौकीदार मामांना माझा नमस्कार सांगा.

आता जुना रकाना तसाच राहू द्या. ‘दुरुस्त वेळ’ नावाचा नवा रकाना करा, दुरुस्ती त्यात भरा, आणि ट्रान्झॅक्शन उघडून करा म्हणजे पाहून पटलं नाही तर मागे घेता येईल. पावती शेतकऱ्याच्या हातात कागदावर आहे. तुमच्याकडची वेळ गुपचूप बदलली तर त्याच्या हातातला कागद खोटा ठरेल आणि त्यात त्याचा काही दोष नाही. ज्यांची तारीख बदलते, म्हणजे मध्यरात्र ते पहाटे ५:३० मधल्या गाड्या, त्यांना त्याच क्रमांकाची दुरुस्ती पावती द्या. दोन्ही वेळा छापा, काकांची सही घ्या.

धंतोली_टर्मिनल
शनिवार, दुपारी १२:३०

ताईंनी जे सांगितलं तेच करा. समोरचं विंडोज मशीन आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांची घड्याळंही पाहा. भांडण झालं की लोक फुटेज मागतात.

काटापावती
रविवार, रात्री १०:५०

डीव्हीआर सहा मिनिटं मागे, विंडोज दोन मिनिटं पुढे. हा साडेपाच तासांचा फरक नाही, म्हणजे घड्याळच. इथं शिकलो ते उपयोगी पडलं. यांना आमच्याच सर्व्हरवरून वेळ देता येईल का?

रात्रपाळी_बुटीबोरी
रविवार, रात्री ११:१०

येईल. क्रोनीच्या कॉन्फमध्ये ‘अलाऊ’ लिहून पुढे तुमच्या घरच्या नेटवर्कचा पत्ता टाका, क्रोनी रीस्टार्ट, आणि फायरवॉलमध्ये आत येणारं यूडीपी १२३ फक्त त्या नेटवर्कसाठी उघडा. मग डीव्हीआर आणि विंडोजच्या एनटीपीच्या खान्यात सर्व्हरचा आयपी.

काटापावती
सोमवार, पहाटे ३:०५

झालं. दोन्ही आता सर्व्हरकडून वेळ घेऊन राहिले.

दुरुस्ती पावत्या काल दिवसभर छापल्या, तारीख बदलणाऱ्या ११२ निघाल्या. अडत्यांकडे काका स्वतः गेले. काटोलच्या त्या शेतकऱ्याची पट्टी नव्यानं झाली, फरकाचे पैसे त्याला मिळाले. त्यानं काल फोन केला होता, या आठवड्यात अजून एक गाडी आणतो म्हणाला.

आत्ता पहिली गाडी काट्यावरून उतरली. पावतीवर २:४७, डीव्हीआरवर २:४७, मामांच्या वहीत २:४७.